करंगळी म्हणजे हो

“हौसे, हात दे,” बायजाक्का म्हणाली.

मी लगेच दिला नाही. आधी लुगड्याला पुसला. घाम सुटला होता म्हणून पुसला, पण तानू तेवढंही सोडते होय!

“काय गं, नव्या नवरीगत लाजतीस?” ती म्हणाली. सुगंधा आणि द्रौपदा फिसकन हसल्या. समोर खुर्ची टाकून बसलेले निकम साहेब मात्र हसले नाहीत. त्यांची नजर आमच्या हातांवरच होती.

“हा बैलबाजार आवरा लवकर,” ते म्हणाले. “मला नाव हवंय.”

आता हा बैलबाजार काय, ते सांगते. खडकाई देवीच्या देवळामागं मुदपाकखाना आहे. देवीचा नैवेद्य आणि आल्यागेल्याचं प्रसादाचं जेवण तिथं आम्ही पाचजणी रांधायचो. शनिवार-रविवार सगळ्यांनी यायचं, उरलेल्या दिवसांत प्रत्येकीला एक सुट्टी. पाच बायका, पाच दिवस. ऐकायला किती सोपं! पण जिला तिला मंगळवारच हवा, कारण मंगळवारी तालुक्याचा बाजार. मग भांडणं. मला का हवा, तुला कशाला हवा, यात एकेकीच्या घरातलं सगळं चव्हाट्यावर यायचं. सुगंधाचा नवरा दारूपायी कोठडीत बसलाय हे गावाला कळलं ते अशाच भांडणात. त्या दिवशी ती बाई मुदपाकखान्याच्या कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसली होती, आणि आम्ही सगळ्या कणीक तिंबत होतो, कुणी वर बघेना.

दुसऱ्या दिवशी बायजाक्कानं भांडणच बंद केलं. ती आमच्यात थोरली. तिचा नवरा बैलांचा हेडी, म्हणजे दलाल होता. बैलबाजारात हेडी लोक रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात, शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. बायजाक्कानं रुमालाच्या जागी पदर घेतला. दर सोमवारी भांडी घासून झाली की ती एकेकीपुढं बसायची आणि पदराखाली हात घ्यायची. मंगळवार हवा तर तिचं एक बोट धरायचं, बुधवार हवा तर दोन, असं पुढं. जमत असलं तर ती समोरच्या बाईची करंगळी दाबायची, नसलं तर अंगठा. करंगळी म्हणजे हो, अंगठा म्हणजे नाही. ‘हो’ मिळालं की हात काढून घ्यायचा. एकच दिवस दोघींनी मागितला तर जिची पकड घट्ट तिला तो मिळायचा. का हवा, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

“निकड आसंल ती दाबंल,” ती म्हणायची. “त्वांड कशाला वाजवायचं?”

मला महिन्यातून एक मंगळवार लागायचाच. आणि का, ते बाकीच्या चौघींतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

माझ्या उजव्या कोपराखाली फिकट चट्टा उठला होता आणि त्याच हाताची करंगळी मेली होती. चिमटा काढला तरी कळायचं नाही. माने मास्तर म्हणून सरकारी माणूस सायकलवरून गावोगाव चट्टे बघत हिंडायचे. त्यांनी टाचणी टोचून बघितली आणि आवाज खाली आणून सांगितलं. तेव्हा लोक महारोगच म्हणायचे त्याला. ऐकलं आणि मला रडूच फुटलं. ते म्हणाले, “हौसाबाई, रडायचं काही कारण नाही. सहा महिन्यांचं औषध आहे. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात यायचं, माझ्यासमोर डोस घ्यायचा, बाकीच्या गोळ्या घरी. पहिल्या डोसानंतर कुणाला काही लागत नाही. खुशाल स्वयंपाक करा.”

मास्तरांचा शब्द मला पटला. गावाला कोण पटवणार? मालक जाऊन दोन वर्षं झाली होती, मी पोरीला घेऊन भावाच्या पडवीत राहत होते. वहिनी ठेवून घेत होती ती देवस्थानच्या नोकरीकडं बघून. महारोगी बाई देवीचा नैवेद्य रांधते, एवढा शब्द फुटला असता तर मुदपाकखाना गेलाच असता, पडवीही गेली असती. खालच्या वाडीत एका बाईचं तसंच झालं होतं. ती डोस चुकवून घरी बसली, म्हणून मास्तर तिला शोधत दारात गेले. बिचाऱ्यांचं कामच ते. पण त्यांची सायकल कुठल्या दारात थांबते हे बघायला अख्खी आळी उभी असायची. त्या बाईला त्याच आठवड्यात घरच्यांनी गोठ्यात घातलं.

मास्तर मला म्हणाले होते, “नाही आलात तर मला यावं लागेल हो.”

पाच डोस झाले होते. उद्याच्या मंगळवारी सहावा, शेवटचा.

आणि नेमकी उद्याच पौर्णिमा आली! मंगळवार आणि पौर्णिमा एकत्र म्हणजे खडकाईला मुंगी शिरायला जागा नाही. निकम साहेब देवस्थानावर व्यवस्थापक म्हणून नवेच आले होते, त्यांना काम उठवून दाखवायचं होतं. सोमवारी दुपारी खुर्ची घेऊनच आले.

“उद्या कुणालाही सुट्टी नाही,” ते म्हणाले. “तुमची ती अडचण असेल, तरच बाजूला बसायचं. म्हणजे, आपली ती... देवीची अडचण. घरची अडचण चालणार नाही. आणि कुणाला आहे ते मला आत्ता, इथं कळलं पाहिजे.”

बोलताना त्यांचे कान लाल झाले. एरवी मला हसू आलं असतं. आमच्याकडं बाई ‘अडचण हाय’ म्हणाली की बोलणं तिथंच संपतं. महिन्याची असो, सासू पडलेली असो, पोराला ताप असो, शब्द एकच. त्या एका शब्दाच्या आडोशाला आम्ही बायका किती काय काय झाकत होतो! आणि हे गृहस्थ आले, आणि त्या शब्दाचे दोन वाटे करून बसले.

“बापय माणसापुढं बायांनी हे त्वांडानं सांगायचं व्हय?” बायजाक्का कडाडली. “मी हात घेते. नाव मी सांगीन.”

“घ्या. पण एकच नाव. चौघींच्या खाली उद्या भागायचं नाही.”

 माझी खरी अडचण गेल्याच आठवड्यात होऊन गेली होती. चार दिवस कामाला न येता मी घरी बाजूला बसले होते, ते सगळ्यांना ठाऊक. तानू तर माझ्याच आळीतली, माझं वाळत घातलेलं लुगडंसुद्धा तिच्या ध्यानात असायचं. आणि जीभ अशी की तिच्यापुढं कोयता बोथट. दोन महिने माझ्या मागं लागली होती, “हौसे, तुला महिन्याचा पयलाच मंगळवार कशापायी लागतो गं? बाजारात कोण भेटतो?” मी हसण्यावारी न्यायची. हसताना हात पदरात धरायची.

बायजाक्का आधी सुगंधाकडं गेली. हात गेला, आला. द्रौपदाचाही तसाच. मग तानू. तिचा हात पदराखाली गेला आणि राहिलाच. मी बघत होते. तानूचा चेहरा चुलीवरच्या तव्यासारखा कोरडा होता, पण गळ्याची शीर हलत होती. बायजाक्कानं तिच्याकडं पाहिलं, मान किंचित हलवली आणि म्हणाली, “थांब जरा. हौसाचं बगू दे.”

म्हणजे तानूलाही उद्याचाच दिवस हवा होता! आणि तिचीही पाळी नव्हती, ते मलाही ठाऊक होतं, जसं माझं तिला.

“हौसे, हात दे.”

मी हात पुसला आणि दिला.

पदराखाली गेल्या गेल्या बायजाक्काचं एक बोट धरलं. मंगळवार. तिनं अंगठा दाबला. नाही.

मी बोट सोडलं नाही, आणखी घट्ट धरलं. तिनं पुन्हा अंगठा दाबला, जरा जोरात. माझ्या डोळ्यांपुढं सायकल आली. मास्तरांची पांढरी टोपी, पायऱ्या चढून येणारी. “हौसाबाई इथंच असतात ना?” असं पुजाऱ्याला विचारणारी. मी बायजाक्काच्या बोटात नखं रुतवली. तिच्या कपाळाला आठी पडली. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मी तिच्याकडं.

मग बराच वेळ काही झालं नाही. अंगठा दाबला गेला नाही. मी वाट बघत होते.

एरवी माझा एक हिशेब असायचा. करंगळी दाबलेली मला कळायची नाही, मग अंगठा दाबला नाही की तेच ‘हो’ समजायचं आणि हात काढायचा. पाच महिने हे बेमालूम निभावलं होतं. पण त्या दिवशी दोनदा ‘नाही’ झालं होतं, आणि तिसऱ्यांदा ती विचार करतेय की संपलं, हे मला कळेना. भीतीनं माझं डोकंच चालेना. मी तिचं बोट धरून तशीच बसले.

“आक्का,” मी ओठांतल्या ओठांत म्हणाले, “पाया पडते. व्हय म्हण.”

बायजाक्काचं तोंड उघडंच राहिलं.

तिनं खाली पदराकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं, मग पुन्हा पदराकडं. आत काय चाललंय मला कळत नव्हतं. तिचा दंड मात्र ताठ झालेला दिसत होता, लाटणं दाबताना व्हायचा तसा. आणि हळूहळू तिच्या डोळ्यांत काहीतरी आलं. राग नव्हता तो. तिनं पदराखाली माझी सगळी बोटं आपल्या मुठीत घेतली आणि धरून ठेवली. असं ती कधीच कुणाचं करायची नाही. त्या खुणेला आमच्यात काही अर्थच नव्हता.

“हौसाला अडचण हाय,” ती मोठ्यानं म्हणाली आणि हात सोडला.

मी श्वास टाकते न टाकते तोच निकम साहेब पुढं वाकले. “हौसाबाईंना? गेल्या आठवड्यात त्याच नव्हत्या का बाजूला? मी पगाराला दिवस बघितलेत.”

 बाहेर कुणीतरी देवीची घंटा वाजवली.

“तानूबाई,” ते म्हणाले, “तुम्ही यांच्या आळीतल्या. खरं काय ते तुम्ही सांगा.”

झालं! देवानं नेमकं तिलाच विचारायला लावलं. तिला उद्याचा दिवस हवा होता, माझं नाव खोडलं तर तो तिचाच होता. एक वाक्य पुरे होतं. तानूनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं बघूच शकले नाही. मांडीवर हात जुळवून खाली मान घालून बसले. मनात म्हटलं, हौसे, उद्या या वेळी तू गोठ्यात.

“अगं बया बया बया!”

तानू किंचाळली तशी मी दचकले. ती उठून माझ्याकडं बोट करत होती.

“बगताय काय साहेब! लुगडं बगा की तिचं! ऊठ गं, ऊठ! देवीच्या ओट्यावर बसलीय डाग घेऊन! इटाळ करशील सगळा!”

मी खाली पाहिलं. देवस्थाननं दिलेलं पिवळं लुगडं, आणि मांडीच्या मधोमध लाल डाग. ओला. पसरत चाललेला. मला काही सुधरेना. आत्ता? गेल्या आठवड्यात होऊन गेलेलं आत्ता परत?

निकम साहेब इतक्या झटक्यानं उठले की खुर्ची उलथली. “बरं बरं, असू द्या, असू द्या,” असं भिंतीला सांगत ते दारातून गेले ते मागं न बघता. चप्पल घालायलाही थांबले नाहीत, हातात घेऊन गेले. सुगंधानं तोंडात पदर कोंबला. मला रडू येत होतं की हसू, ते माझं मलाच कळत नव्हतं.

तानूनं मला दंडाला धरून ओढत मागच्या नळावर नेलं. नळ सोडला आणि माझा उजवा हात त्याच्याखाली धरला.

तेव्हा मी पाहिलं. करंगळीच्या कडेला सकाळी कधीतरी तव्याचा चटका बसला असणार, फोड आला होता. तो फुटून कातडं सुटलं होतं, खाली लालभडक मांस, आणि त्यातून रक्त ठिबकत होतं. बायजाक्कानं त्याच जागी दाबलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा दाबलं असणार, ‘हो’ म्हणून, ‘हो’ म्हणून, आणि शेवटी तर सारा जोर लावून. आणि मी तिच्यापुढं बसून म्हणत होते, व्हय म्हण.

“कवा भाजलं?” तानूनं विचारलं.

“कळलं न्हाई,” मी म्हणाले.

तोंडातून शब्द गेला आणि मग कळलं काय बोलले ते. पाण्याची धार पडत होती. एवढं भाजलेलं ज्याला कळत नाही, त्याला काय झालंय, हे त्या दिवसांत आमच्याकडं शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. तानूनं माझा हात सोडला नाही. उलट आणखी जवळ धरला, फुंकर घातली, आपल्या पदराची चिंधी टरकन फाडली आणि करंगळीला बांधली. 

“सकाळी सातची यष्टी धर,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “पायऱ्यांनी उतरू नगं, मागच्या पाणंदीनं जा. बाजारातनं कुणाला काय आणू नगंस.”

“तानू, तुला बी उद्या...”

“गप.” ती म्हणाली. “अडचण आल्याली बाई बोलत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी पाणंदीनं गेले. यष्टीत खिडकीकडं तोंड करून बसले, तरी प्रत्येक थांब्याला कुणी ओळखीचं चढतं का बघत होते. माने मास्तरांसमोर शेवटचा डोस घेतला.  त्यांनी चिंधी बघितली आणि विचारलं, “कुणी बांधलं? नीट बांधलंय.” मी म्हटलं, “घरच्यांनी.” ते म्हणाले, एवढ्या घरच्या गोळ्या संपल्या की औषध संपलं, मग तुम्ही मोकळ्या, पण करंगळी बधिरच राहील, चुलीपाशी डोळ्यांनी बघत जा. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून मी एकदाची पोटभर रडले.

अडचण म्हटल्यावर चार दिवस बाजूला बसणं आलंच. पाचव्या दिवशी न्हाऊन कामावर गेले. ‘पौर्णिमेला हातांची सालं निघाली,’ म्हणून द्रौपदा कुरकुरत होती. तानू पुरण वाटत होती. मला बघून काही चिडवलं नाही, टोमणा नाही, काही नाही. तिचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा असा उतरलेला, की आठ दिवसांचं आजारपण काढून उठावं. पुढं कित्येक दिवस तिच्या तोंडून हसू फुटलं नाही. त्या मंगळवारी तिचं काहीतरी गेलं होतं, एवढं मला दिसत होतं. काय, ते नाही.

सोमवार आला. बायजाक्का माझ्यापुढं येऊन बसली आणि म्हणाली, “हौसे, हात दे.” मी सवयीनं उजवा पुढं केला.

“तो न्हाई,” ती म्हणाली. “डावा दे. माजा खांदा दुकतोय, ह्या अंगानं सोपं पडतं.”

मी डावा दिला. गुरुवार मागितला. तिनं करंगळी दाबली आणि ती मला कळली, स्पष्ट. त्यानंतर बायजाक्का जिवंत असेतोवर तिचा खांदा कधी बरा झाला नाही. बाकीच्या तिघींचे हात मात्र ती उजवेच घ्यायची.

त्या दिवसाबद्दल ती मला किंवा तानूला कधी एका शब्दानं बोलली नाही. माझ्या पोरीचं लग्न झालं, निकम साहेब बदलून गेले, मुदपाकखान्यात गॅस आला. मी अजूनही तवा उतरवताना करंगळीकडं बघते.

गेल्या वर्षी तानूला बघायला तिच्या लेकीकडं गेले होते. आता ती अंथरुणालाच खिळलेली, पण जीभ तशीच. सून चहा घेऊन आली तर म्हणते, “साखर घातलीस का नुसतं नाव घेतलंस तिचं?” लेकीकडं सून कुठली, असं विचारू नका, लेकीची सून होती ती, नातसून. ती आत गेली तसं मी तानूच्या कानाशी वाकले. इतक्या वर्षांचं मनात अडकलेलं होतं.

“तानू, त्या पुनवंच्या मंगळवारी तुला कुठं जायाचं हुतं गं? आता तरी सांगशील?”

  तानूनं पांघरुणाची कड वर केली.

“हात दे,” ती म्हणाली.

मी उजवा पुढं केला. तिनं तो बाजूला सारला आणि डावा ओढून घेतला. पांघरुणाखाली तिची बोटं माझ्या बोटांवरून सावकाश फिरली, करंगळीवर क्षणभर थांबली.

मग तिनं माझा अंगठा दाबला.